तेलाची वाटी बाजूला ठेवा

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले. नर्सिंगची पदवी घेतली. कुणी विचारो न विचारो, मी सांगतेच. कतारला, दोह्यात आल्यावर दर शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी अल सद्द भागातल्या आमच्या घरी, हॉलमध्ये आठ-दहा नवे आईबाप जमवायचे आणि बाळाचं आजारपण कसं ओळखायचं ते शिकवायचे.

एका शुक्रवारी विषय होता जुलाब. अंगातलं पाणी कमी झालं की बाळाची टाळू खोल जाते, एवढं म्हणते तोच जवळच्या अल वक्रा शहरातून येणारी रत्नागिरीची एक मुलगी म्हणाली, "मग तेलाने भरायची ना?" सगळ्यांच्या माना डोलल्या, इंजिनीअर बापांच्यासुद्धा. मी म्हटलं, मालिश खुशाल करा, पण तेल डोक्यावरच राहतं, पोटात पाणी जात नाही. टाळू खोल, लघवी बंद, बाळ मलूल, असं दिसलं की तेलाची वाटी बाजूला ठेवायची आणि चमच्या-चमच्याने जलसंजीवनी पाजत थेट इमर्जन्सी गाठायची.

तिच्या सासूबाई गावाहून व्हिडिओ कॉलवर ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आम्ही पाच पोरं वाढवली, ती काय कॉलेजात जाऊन?" सगळे हसले. मला झोंबलं.

पुढच्याच मंगळवारी दुपारी तिचा फोन. सात महिन्यांच्या लेकीला कालपासून जुलाब होत होते. सासूबाई फोनवरून टाळू भर म्हणत होत्या, नवरा गोंधळलेला. मी काही विचारायच्या आत ती एका दमात म्हणाली, "ताई, टाळू खोल गेलीय, सकाळपासून लघवी नाही, नुसती पेंगतेय. टॅक्सीत बसलेय. चमच्या-चमच्याने जलसंजीवनी पाजतेय."

शिकवलेलं सगळं तिच्या तोंडून, तेही न चुकता! टॅक्सी करून मीही हॉस्पिटलला पळाले. तोवर सलाईन लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. तासाभराने पोर भोकाड पसरून रडली, डोळ्यांतून खरं पाणी आलं, तेव्हा आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो. नर्सबाई दटावायला आली आणि तीही हसली.

तिच्या नवऱ्याने सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला, आधी लेक दाखवली आणि मग फोन माझ्यासमोर धरला. त्या पदराने नाक पुसून म्हणाल्या, "बाई, शेजारच्या सुनेचं पोर पण तीन महिन्यांचं आहे. शुक्रवारी तिला घेऊन फोनसमोर बसते. जरा मोठ्याने बोला, मला कमी ऐकू येतं."