सहा आकड्यांचा फेर

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मावशीच्या डोळ्यावरची पट्टी काल निघाली. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली ही बाई, अक्षरं पुसट दिसू लागल्यापासून वर्षभर अगदी गप्प झाली होती. दवाखान्यातून आम्ही रिक्षानं परतताना ती एकदम पुढे वाकली, काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "दादा, थांबा! पुढं जाऊ नका, आकडा बदलेल."

त्यानं दचकून रिक्षा कडेला घेतली. मावशी समोरच्या मीटरवरचे किलोमीटर वाचत होती : १४२८५७.

"ह्या संख्येला दोननं गुणा."

त्यानं मोबाइलवर गुणलं. २८५७१४.

"अरेच्चा, आकडे तेच की!"

तीननं गुणलं, ४२८५७१. सहापर्यंत दर वेळी तेच सहा आकडे, त्याच क्रमानं. फक्त सुरुवात करणारा वेगळा. मला मोठी संख्या म्हणजे नुसती गर्दी वाटते. मावशीला मात्र तिच्यात हात न सोडता फेर धरलेल्या सहा मुली दिसत होत्या. असे किती फेर रोज आपल्या शेजारी रंगत असतील, आणि आपण मान वळवूनही बघत नाही!

"आता सातनं," मावशी म्हणाली.

रिक्षावाला वर्गातल्या पोरासारखा ओरडला, "बाई, सगळे नऊ! नऊच नऊ!"

दोघं कितीतरी वेळ हसत राहिले. मग रिक्षा निघाली, आकडा एकानं पुढे सरकला. मावशीनं तो घडाघडा वाचला आणि म्हणाली, "ही सम संख्या आहे. बघू या, हिच्यात काय दडलंय."