मास्तरसाहेबांचा भागाकार

मी तिसरीत गेले त्या वर्षी आमच्या शाळेची भाषा बदलली. पोलिस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन फार दिवस झाले नव्हते. आदल्या वर्षापर्यंत औरंगाबादेतल्या त्या शाळेत गणित उर्दूतून चालायचं, आता मराठीतून शिकवायचा हुकूम आला. मुलं तीच होती, मास्तरसाहेबही तेच.

मास्तरसाहेब हैदराबादेहून बदलून आलेले. काळी शेरवानी, बोटांना कायम खडू. गणितात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण मराठी जेमतेम. नव्या पुस्तकातली शाब्दिक उदाहरणं ते तीनतीनदा वाचायचे. आकडा आला की चेहरा खुलायचा, मधले शब्द आले की अडायचे.

माझे वडील कचेरीत कारकून. घरात पुस्तकी मराठी चालायची, म्हणून मधल्या सुट्टीत मास्तरसाहेब मला टेबलापाशी बोलवायचे.

"बेटा, तक़्सीम को मराठी में क्या बोलते?"

"भागाकार."

"और बाक़ी को?"

"बाकीच."

"वाह! एक लफ़्ज़ तो बच गया," म्हणून ते खूश झाले. मी सांगितलेला प्रत्येक शब्द ते छोट्या वहीत उर्दूत, उजवीकडून डावीकडे लिहून ठेवायचे.

आठवडाभर मला मोठेपणा वाटला. नंतर कंटाळा आला. बाहेर लिंबाखाली मैत्रिणी सागरगोटे खेळायच्या आणि मी आत शब्द सांगत बसायची. एके दिवशी त्यांनी विचारलं, "ये 'वाटणी' के लिए दूसरा लफ़्ज़ है क्या? बार-बार एकच अच्छा नहीं लगता."

मी दाराकडं बघत म्हटलं, "वाटोळं."

त्यांनी लिहून घेतलं. मी धूम ठोकली. मैत्रिणींना सांगून पोट दुखेस्तोवर हसले. खरं सांगायचं रोज ठरवायची आणि रोज राहून जायचं.

आठच दिवसांत शाळा तपासायला साहेब आले. पुस्तक न उघडता मास्तरसाहेबांनी मनानं उदाहरण घातलं. पेरूला आमच्याकडं जाम म्हणतात. मोठ्या आवाजात ते म्हणाले, "एका बाईनं बारा जामांचं चार मुलांत सारखं वाटोळं केलं. तर प्रत्येकाला किती?"

अख्खा वर्ग हसत सुटला. साहेबांनी तोंडाला रुमाल लावला. "अहो मास्तर, वाटोळं झाल्यावर पोरांना काय मिळणार? हा शब्द शिकवला कुणी तुम्हाला?"

मास्तरसाहेब कसनुसं हसले. मग त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. वर्गात न हसणारी मी एकटीच होते. माझे कान तापले. आता बोट दाखवतात, असं वाटलं.

"मेरी ग़लती, साहेब," ते म्हणाले. "नवीन नवीन आहे."

शाळा सुटल्यावर मी टेबलापाशी गेले आणि बोलायच्या आधीच रडू फुटलं. "मास्तरसाहेब, मी मुद्दाम..."

"मालूम है. मानी क्या उसका?"

"बरबादी."

त्यांनी वहीतला तो शब्द खोडला. मग म्हणाले, "खेलना था तो बोलना था ना, बेटा."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला सुट्टीत बोलावलं नाही. मैत्रिणींत जाऊन बसले, पण सागरगोटे हातातून निसटत राहिले. मार खाल्ला असता तर बरं, असं वाटायचं. चौथ्या दिवशी आपणहून आत गेले.

"आज कोणता शब्द?"

त्यांनी वही पुढं केली. पंधरा मिनिटं झाल्यावर मात्र स्वतःच म्हणाले, "बस. जाओ, खेलो."

दिवाळीपर्यंत ते अख्खा तास मराठीत घ्यायला लागले. मराठीत अधूनमधून 'हो'च्या जागी 'हौ' यायचं, पण उदाहरणं पुस्तकातली नसायची. सिल्लोडचा कापूस, लासूर स्टेशनावर उतरलेली पोती, वर्गातल्या पोरांचेच डबे. मी चौथी पास झाले त्या सुट्टीत त्यांची बदली झाली. निरोप घ्यायचा राहिला. कुठं गेले, कळलं नाही.

पुढं मी शिक्षिका झाले. करमाडला असताना भागाकार आला की मुलांना म्हणायची, उदाहरण तुम्हीच सांगा. एकदा एक पोरगी उभी राहिली. "बाई, आमच्या शेळीला दोन करडं झाली, अन् थानं बी दोनच. भागाकार जमला की व्हय!"

वर्ग लई हसला. मीही हसले आणि ते उदाहरण तसंच फळ्यावर लिहिलं. मास्तरसाहेबांना ते फार आवडलं असतं.