व्हरांड्यातला कॉम्प्युटर

बारावीनंतर मेडिकलला माझा नंबर लागला नाही. गावी, मुखेडला परत न जाता मी लातूरलाच कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि जिथं शिकले तिथंच शिकवायला लागले. आमचा क्लास ट्यूशनच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर होता. खाली फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पाट्या आणि सायकलींची गर्दी. वर मशीनची खोली म्हणजे देवघरच. काचेचं दार, एसी, जाड पडदे, चपला बाहेर. धूळ आत गेली की मशीन गेलं, असं क्लासचे मालक सर रोज बजावायचे.

सरकारी नोकरदारांना तेव्हा कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट सक्तीचं झालं होतं. त्यामुळं दुपारच्या बॅचला तलाठी, ग्रामसेवक, प्राथमिक शिक्षक यायचे. वयानं माझ्या आई-वडिलांएवढे, पण मला मॅडम म्हणायचे. त्यातच एक बाई यायच्या. औशाच्या पुढं भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या एका गावात त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी चपला काढल्या, काचेच्या दारापर्यंत आल्या आणि तिथंच थांबल्या. मी दार धरून उभी होते. त्या म्हणाल्या, मी बाहेरूनच ऐकते. मला वाटलं, लाजत असतील. दुसऱ्या दिवशीही त्या व्हरांड्यातल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिल्या. तेव्हा मी जवळ जाऊन विचारलं.

"दार लागलं की मला श्वास घेता येत न्हाई, मॅडम," त्या म्हणाल्या. "मी माळवदाखाली होते, घराचं मातीचं छत पडलं त्याच्याखाली. दुपारी काढलं मला."

एवढंच बोलल्या. त्यांचे यजमान आणि सासूबाई त्याच घरात गेले, हे मला नंतर दुसऱ्या एका गुरुजींकडून कळलं. मुलगी मामाकडं देवणीला होती म्हणून वाचली. भूकंपाचं कुणाला खोदून विचारायचं नाही, हे लातूरमध्ये न सांगता सगळ्यांना ठाऊक होतं. माझा भूकंप तरी केवढा? फळीवरचे डबे पडले आणि आम्ही काही दिवस अंगणात झोपलो. त्यांच्यासमोर बोलावं असं माझ्याकडं काहीच नव्हतं.

सरांना विचारलं, दार उघडं ठेवू का? ते नाही म्हणाले. मग मी बाईंना बॅचच्या आधी यायला सांगितलं आणि व्हरांड्यातच, कॉम्प्युटरशिवाय शिकवायला लागले. हाताला लागतं ते हार्डवेअर, आणि त्या यंत्राकडून काम करून घेणाऱ्या सूचना म्हणजे सॉफ्टवेअर, असं मी पुस्तकातल्यासारखं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे पेटी आणि गाणं." त्यांच्या शाळेत प्रार्थनेला बाजाची पेटी होती. मग मलाही त्यांच्या शाळेतूनच उदाहरणं सुचायला लागली. मशीन दोन जागी आठवण ठेवतं. एक रॅम, ती फळ्यासारखी. सगळं काम तिथं चालतं. दुसरी हार्ड डिस्क, ती कपाटासारखी. फळ्यावरचं कपाटात नेऊन ठेवणं म्हणजे सेव्ह करणं. कपाटातला एकेक कागद म्हणजे फाईल, आणि कागद ज्या कप्प्यात ठेवायचे तो फोल्डर. कप्प्यात आणखी कप्पे करता येतात.

"आणि मधीच लाईट गेली तर?"

"फळा पुसला जातो. कपाटातलं राहतं."

त्यांनी पिशवीतून वही काढून ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, पुढचं सांगा.

पण माऊस काही तोंडी शिकवता येत नाही. सर एका लग्नाला नांदेडला गेले, त्या दुपारी दोन गुरुजींना हाताशी धरून मी एक जुनं मशीन व्हरांड्यात आणलं. मॉनिटर असा जड की दोघांचेही हात भरून आले. बाई खुर्चीत बसल्या. त्यांनी माऊस सरकवत सरकवत टेबलाच्या कडेपर्यंत नेला आणि मला म्हणाल्या, टेबल लहान पडून राहिलंय. मी माऊस उचलून परत मध्ये ठेवायला शिकवलं. डबल क्लिक काही जमेना. एक टिचकी झाली की त्या विचार करायच्या आणि मग दुसरी मारायच्या. कडी वाजवल्यासारखं करा म्हटल्यावर जमलं. मग त्यांनी एकेक अक्षर शोधत गावाचं नाव लिहिलं, त्याखाली शाळेचं. तेवढ्यात लोडशेडिंग. मॉनिटरचा पडदा काळा झाला. गुरुजी हळहळले. बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "पुसला फळा," आणि आम्ही सगळे हसलो. लाईट आल्यावर त्यांनी पुन्हा लिहिलं आणि कुणी सांगायच्या आत सेव्ह केलं.

दुसऱ्या दिवशी सर आले तेव्हा बाई तिथंच टाईप करत बसल्या होत्या. मी बोलणी खायच्या तयारीत उभी होते. सर थोडा वेळ त्यांच्या मागं थांबले. बाईंना त्याचा पत्ताही नव्हता, त्या बोटानं 'म' शोधत होत्या. सर आत गेले, प्लॅस्टिकचं एक कव्हर घेऊन आले आणि मला म्हणाले, काम झालं की यावर घालत जा. ते मशीन मग आत गेलंच नाही.

इंटरनेट आत फोनजवळ होतं. मोडेम लागताना खरखर, शिट्ट्या असा आवाज यायचा आणि तोवर क्लासचा फोन बंद. ते शिकवायच्या दिवशी सरांनी स्वतःच दार उघडून विटेनं अडवलं आणि बाई पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत आल्या. ब्राउझर म्हणजे वेबसाईट उघडून दाखवणारा प्रोग्रॅम, आणि त्या वेबसाईट कुठंतरी लांबच्या दुसऱ्या मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवलेल्या असतात, त्याला सर्व्हर म्हणतात, असं मी सांगितलं. ईमेलचं खातं काढताना मी त्यांना म्हणाले, पासवर्ड म्हणजे आपली किल्ली, ती कुणाला सांगायची नाही. त्यांनी विचार केला आणि माहेरच्या देवणी गायीचं नाव अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं सांगितलं. मग दुसऱ्या गायीचं नाव शोधावं लागलं. ते त्यांनी माझ्याही कानात सांगितलं नाही.

परीक्षेचं केंद्र दुसऱ्या इमारतीत होतं. मी त्यांच्याबरोबर गेले. तिथंही काचेचं दार आणि एसी. दार उघडं ठेवता येणार नाही, तसा नियम आहे, असं तिथले पर्यवेक्षक म्हणाले. माणूस वाईट नव्हता. दाराजवळची खुर्ची मात्र त्यांनी दिली. मी बाईंना म्हणाले, मी काचेच्या इकडं उभी राहते, कुठंही जात नाही. त्यांनी पदर खोचला आणि त्या आत गेल्या. दार लागलं. सुरुवातीला त्या सारख्या मागं वळून बघायच्या. मी मान हलवायचे. मग त्यांचं बघणं कमी झालं, आणि पुढं तर फक्त त्यांची पाठ आणि हळूहळू हलणारी बोटं दिसत राहिली.

बाहेर आल्या तेव्हा ब्लाऊज घामानं भिजला होता. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. मी त्यांचा हात हातात घेतला, तो गार पडला होता.

"जीव घाबरला की त्या लुकलुकणाऱ्या रेघेकडं बघायचे," त्या म्हणाल्या. कर्सर हा शब्द त्यांना त्या घटकेला आठवत नव्हता. "तिथं हातानं ढिगारा ठोकत होते मी, कुणाला तरी कळावं म्हणून. ही रेघ तसंच करून राहिली म्हटलं. हाय कुणीतरी."

मी त्यांची पिशवी उचलली. त्या उठल्या आणि म्हणाल्या, चला पोरी, यष्टी चुकंल. त्या दिवसापासून त्यांनी मला मॅडम म्हणणं सोडलं.

त्या पास झाल्या. पुढं एकदा त्यांनी मला शाळेत बोलावलं. शाळेला एक कॉम्प्युटर मिळाला होता, पण इंटरनेट गावात पोचलं नव्हतं, आणि ते असतं कसं, असं मुलं रोज विचारायची. बाईंनी एक वाक्य कागदावर लिहून त्याचे तुकडे केले, प्रत्येकावर आकडा घातला आणि मुलांना वेगवेगळ्या वाटांनी ऑफिसकडं पिटाळलं. कुणी झाडामागून, कुणी हापशावरून. पलीकडं एक मुलगी आकड्यांप्रमाणं तुकडे जुळवत होती. निरोप असाच तुकड्यांनी जातो, त्या मुलांना सांगत होत्या, वाटा वेगळ्या असल्या तरी पोचल्यावर जोडला जातो. शेवटचा तुकडा येईना. तो घेतलेली पोरगी हापशावर पाणी प्यायला थांबली होती.

"येऊ द्या तिला," बाई म्हणाल्या. "आल्याशिवाय वाक्य पुरं व्हायचं न्हाई."

ती ओल्या हातानं तुकडा घेऊन पळत आली. जुळवणाऱ्या मुलीनं तो शेवटी ठेवला आणि मोठ्यानं वाचलं, "लातूरहून माझ्या बाई आल्यात, त्यांना चहा ठेवा." ऑफिसातल्या शिपाईमामांनी ते ऐकलं आणि स्टोव्हला पंप मारायला घेतला.