सासूबाईंची हेडलाइटवाली खुर्ची

आमच्या सासूबाईंच्या खुर्चीला हेडलाइट आहे. हॉर्नही आहे. गुडघे गेल्यापासून त्या बॅटरीच्या खुर्चीतूनच हिंडतात आणि मी मागून चालते.

त्या दिवशी त्यांची थोरली बहीण, माईमावशी, पुणं सोडून कायमची मुलाकडे नागपूरला निघाली होती. स्वारगेटहून अकराची बस. आदल्या दिवशी फोनवर मावशी म्हणाल्या, "तू आता कसली येतेस? भेट झाली असं समज."

"नाही समजत," म्हणून आईंनी (सासूबाईंना मी आईच म्हणते) फोन ठेवला. ही भेट चुकली तर पुढची होणार नाही, हे दोघींनाही कळत होतं.

बिबवेवाडीतून निघालो, तो सोसायटीच्या गेटवरच अडलो. वॉचमन म्हणाला, "गाडीला स्टिकर नाही."

"गाडी नाही रे, खुर्ची आहे."

"मग सेक्रेटरींची चिठ्ठी आणा. खुर्च्या बाहेर न्यायच्या नाहीत."

आईंनी हॉर्न वाजवला. त्याने गेट उघडलं.

रिक्षावाले खुर्ची बघूनच वेग वाढवत होते. बस आली, तीही विजेवरचीच. कंडक्टर दारातूनच म्हणाला, "आजी, गाडी चढवता येणार नाही."

"तुमची बस बॅटरीवर, माझी खुर्ची बॅटरीवर. नातेवाईक आहोत आपण."

"आज नातेवाईकांनाही जागा नाही," तो म्हणाला आणि बस गेली.

फूटपाथवर स्कूटर उभ्या, म्हणून आई रस्त्याच्या कडेने निघाल्या. चौकात ट्रॅफिक हवालदाराने हात केला.

"हे काय आहे?" त्याने मला विचारलं. (मला! बोलता येणारी बाई समोर खुर्चीत बसलेली असताना.) अनोळखी माणसाने काही विचारलं की माझ्या तोंडाऐवजी मानच हलते.

"गाडी आहे?"

मी मान हलवली.

"लायसन्स आहे?"

मी पुन्हा हलवली.

"खुर्ची आहे ती," आई म्हणाल्या.

"ताई तर गाडी म्हणतायत."

"ती कशालाही हो म्हणते. माझ्या मुलालासुद्धा म्हणाली."

"मग खुर्चीला हॉर्न कशाला?"

"मधे उभं राहणाऱ्यांसाठी."

हवालदार विचारात पडला. "विजेची स्कूटर असते, रिक्षा असते, सायकल असते. प्रत्येकाचा नियम वेगळा. ही कशात बसते?"

"मी हिच्यात बसते. ही कशात बसते ते तुम्ही बघा."

तो खरंच बघायला लागला. हळू चालणाऱ्या गाडीला लायसन्स लागत नाही म्हणे, म्हणून वेग बघायचा. पुढे घ्या. मागे घ्या. दिवा लावा. आता जोरात घ्या. माणसं जमली. कोणी म्हणालं, "रिक्षात धरा." दुसरा म्हणाला, "चाकं चार आहेत, मोटारीत धरा." साडेदहा वाजून गेले. साहेब, तिकडे एक म्हातारी वाट बघत असेल, एवढंच मला सांगायचं होतं. पण त्याने माझ्याकडे बघितलं आणि माझी मान हलली. आई आता हॉर्नही वाजवत नव्हत्या. नुसत्या स्वारगेटच्या दिशेला बघत होत्या.

तेवढ्यात हेडलाइट पिवळा झाला, मग विझला. खुर्ची चौकाच्या मध्यावर मेली.

हवालदाराचा चेहरा एकदम खुलला. "आता ही विजेवर नाहीच! मिटला प्रश्न. ढकला, ताई." आणि आमच्यासाठी त्याने चारी बाजूंची वाहतूक अडवली.

चाकं मोकळी करणारा मागचा खटका ओढून मी पदर खोचला. उताराला मी खुर्ची ढकलत होते की खुर्ची मला ओढत होती, सांगता येत नाही. "ब्रेक दाब!" आई ओरडत होत्या. ब्रेक म्हणजे माझ्या चपला.

स्टँडवर पोचलो तेव्हा बस चालू झाली होती. मावशी पायरीवर एक पाय ठेवून उभ्या, खाली उतरायलाही तयार नाहीत आणि वर चढायलाही. आईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

बऱ्याच वेळाने मावशींनी डोळे पुसले आणि खुर्चीकडे बघितलं. "अगं, ही चालते कशावर?"

"सुनेवर," आई म्हणाल्या.

परतीला सगळा चढ होता. निघण्याआधी आईंनी मला आग्रहाने एक चहा पाजला, वर आणखी एक. इतकं प्रेम बघून माझे डोळे भरून आले. ते चार्जिंग होतं, हे चढ लागल्यावर कळलं.