धुतलेली बंदूक

बंदूक चालवणारे जगात पुष्कळ असतील, पण बंदूक धुण्यासाठीच जन्माला आलेला माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे जव्हारचे आमचे घरमालक. नव्वदच्या दशकात मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो, तेव्हा त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहत होतो. काका कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, किरकोळ अंगाचे, मुंगी चिरडू नये म्हणून खाली बघत चालणारे. मोखाड्याकडच्या गावातली शेती त्यांचा धाकटा भाऊ बघायचा; पिकाच्या राखणीची वडिलांच्या वेळची परवान्याची एकनळी बंदूक मात्र यांच्याकडे. भाताचा दाणा भरला की भावाचा निरोप यायचा, "डुकरां उतरली." मग काका बंदूक गोणपाटात गुंडाळून एसटीने गावी जायचे, बांधावर उभे राहून आभाळात एक बार काढायचे, चार दिवस राहून परत यायचे, आणि त्या एका बाराची काजळी काढायला त्यांना पुढचं वर्ष पुरायचं नाही.

बंदुकीचं तेल आणि तारेचा ब्रश एवढ्यावर साऱ्या जगाचं भागतं. काकांचं भागत नसे. "तेलानं काजळी झोपते मास्तर, जात नाही," असं ते मला समजावत. वडिलांनी बंदूक हातात देताना सांगितलं होतं म्हणे, की नळीतून बघितलं तर पलीकडचा उजेड लख्ख दिसला पाहिजे. तेवढं एक वाक्य धरून ते धुण्याचा सोडा, भांडी घासायची पावडर, रॉकेल, फिनेल असं बाजारात येईल ते नळीत ओतत आणि काकूंच्या जुन्या लुगड्याची चिंधी काठीला बांधून परसात घासत बसत. आमच्या मोरीतली फरशी धुवायची बाटली दोनदा नाहीशी झाली, तेव्हा हिने विचारायचंही सोडून दिलं. निवडणुकीला बंदूक ठाण्यात जमा करायला गेले, तर हवालदाराने नळी हुंगून विचारलं, "काका, बंदूक आणलीत की संडासाचा ब्रश?" काकूंना तर ती बंदूक सवतच वाटे. "माझ्या कढईचं बूड कुणी बघत नाही," त्या म्हणायच्या, "त्या मेलीच्या पोटात मात्र रोज डोकावतात."

एका उन्हाळ्यात त्यांनी संडास धुवायचं ॲसिड आणलं. मी म्हटलं, "काका, ते लोखंडही खातं."

"खाऊ दे की. आधी काजळी खाईल. लोखंडाला हात लावायच्या आत आपण थांबवायचं!"

थांबवणं जमलं नाही. काजळी हटेना म्हणून त्यांनी मोरीचं दार लावून त्यावर ब्लीचिंग पावडरही टाकली. दुपारी काकूंची किंकाळी ऐकून मी धावलो. दाराच्या फटीतून हिरवट धूर आणि उग्र वास येत होता आणि आत काका खोकत भिंत चाचपत होते. ओला पंचा तोंडाला लावून मी त्यांना ओढून बाहेर काढलं आणि रिक्षाने सरकारी दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लावला होता तरी ते हाताने नळीचा आकार करून काकूंना काहीतरी विचारत होते. काकू रडत होत्या, म्हणून मीच सांगितलं, "आहे, आहे. शाबूत आहे."

शाबूत नव्हती. घरी आल्यावर काकांनी मला बरोबर घेऊन ती बाजारातल्या, बंदुका दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या मुसलमान कारागिराला दाखवली. त्याने नळी उजेडाकडे धरली. आतून ती चकचकीत झाली होती, पण देवी आलेल्या चेहऱ्यासारखे खड्डे पडले होते. "काका, यात आता काडतूस घालू नका," तो हळूच म्हणाला. "तोंडावर फुटेल." काकांनी मान हलवली. बंदूक पुन्हा गोणपाटात गुंडाळून ते घराकडे वळले.

पावसाळा सरला, दाणा भरला, आणि त्या वर्षी निरोप घेऊन भाऊ स्वतःच आला. आजारपणाचं त्याला उशिरा कळलं होतं. काका ओसरीवर ताठ बसले आणि एका दमात म्हणाले, "मी यायचा नाही. बाबांची बंदूक मी धुऊन संपवली. आता तुझी डुकरं कोण हाकलणार?"

भाऊ म्हणाला, "दादा, डुकरां तुझ्या बाराला कवा भ्यायली? बार झाला का पल्याड जातात, तुझी पाठ फिरली का परत येतात. आमी डबं वाजवून हाकलतोच की."

"मग दर साली निरोप कशाला?"

"तू दुसऱ्या कशाला येतोस काय?"

 काका आत गेले, आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात कपड्यांची पिशवी होती.

बंदूक त्यांनी नंतर परवान्यासकट ठाण्यात देऊन टाकली. पुढच्या वर्षी माझी बदली झाली. निघताना पाया पडायला गेलो, तर घरात काकू एकट्याच होत्या.

"गावी गेलेत," त्या म्हणाल्या. "आता महिना महिना तिकडेच असतात. भावाभावांचं बोलायचं राहून गेलं होतं म्हणे. ते चाललंय."