बल्बांच्या वाटण्या

राहात्याजवळ मळ्यात आमचं घर आहे. सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामांनी हे घर बांधलं तेव्हा गवंड्याला एकच ताकीद होती: स्वयंपाकघर एकच करायचं. त्यांच्या नि त्यांच्या भावाच्या वाटण्या झाल्या, तेव्हापासून ते दोघं एकमेकांच्या दारात गेलेले नाहीत. आपल्या पोरांचं तसं होऊ नये, एवढा एकच घोर म्हाताऱ्याला. आणि घर फुटलं की गाव नाव कोणाचं घेतं? सुनांचं! म्हणून आम्ही दोघी जावा जीव मुठीत धरून गुण्यागोविंदानं राहत होतो. तरी भांडण घरात शिरलंच, आणि तेही बल्बातून.

झालं असं, की धाकट्या दिरांनी पुण्याहून एक डबा आणला. तो हॉलमध्ये ठेवायचा नि मोबाईलवरून दिवे, पंखे, गिझर सगळं चालवायचं. आठवडाभर कौतुक झालं. मग आमच्या ह्यांना शोध लागला, नेट गेलं की डबा मुका होतो.

"त्यापेक्षा भारी सिस्टिम हाय माझ्या पाहण्यात," हे म्हणाले.

"मग आण की दादा, बघू," भाऊजी म्हणाले.

दोघांचं बोलणं असं साखरेत घोळलेलं! ह्यांनी दुसरा डबा आणला, पण पहिला काढ असं काही कोणी कोणाला म्हणेना.

मग जे सुरू झालं ते विचारू नका. बल्ब एका वेळी एकाच डब्याचं ऐकतो. त्याला दुसरीकडं न्यायचं तर बटण पटापट चालू-बंद करत बसायचं, म्हणजे तो जुनं विसरतो. हे सकाळी विसरायला लावत, भाऊजी दुपारी परत पढवत. शेवटी बाथरूममधला गिझर त्यांच्याकडं गेला, दिवा आमच्याकडं राहिला. मी भाजी चिरता चिरता जावेला ओरडून सांगायचे, "अगं, तू पाणी तापव, मी उजेड करते!" गेटवर तर बल्ब भाऊजींच्या डब्याचा आणि बटण ह्यांच्या डब्याचं. एक लावी, दुसरा विझवी. उसाचे ट्रॅक्टरवाले थांबून विचारत, कोणाचं लग्न हाय का?

मामा कॉटवर बसून सगळं ऐकत. "पंखा कोनाच्या वाट्याला आला म्हनायचा?" असं मलाच विचारत.

आणि एक दिवस पाहुण्यांसमोर जाऊ बोलून गेली, "थांबा हं, तो दिवा त्यांच्यात गेलाय, आमच्यात हा आहे." पाहुण्यांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. बाजाराच्या दिवसापर्यंत गावभर झालं, वाटण्या झाल्या, थोरलीनं घर फोडलं. अस्सा संताप आला मला! आणि मामांनी तर जेवणच टाकलं.

तेव्हा कुठं दोघं भाऊ एका सोफ्यावर बसले. आता तिसरी सिस्टिम घ्यायची, दोन्ही डब्यांना पोटात घेणारी. ती मोबाईलवर घेतली, नि मामांनाही दिसावं म्हणून ह्यांनी मोबाईल टीव्हीला जोडला. पडद्यावर मोठ्या मराठी अक्षरांत आलं: "दोन घरं सापडली. एकत्र करायची का? दोन्ही मालकांनी मंजुरी द्यावी."

मामांनी वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. "ह्या डब्याला म्हाईत, आन् मलाच न्हाई?"

"अहो मामा, ते बल्बांचं आहे," मी म्हणाले.

मंजुरीचं बटण दोघांच्याही मोबाईलवर आलं होतं. "आधी तू दाब," हे म्हणाले. "छे दादा, मान तुझा," भाऊजी म्हणाले. दोघांचे अंगठे हवेत! शेवटी जावेनं नवऱ्याच्या हातातला मोबाईल ओढला, मी ह्यांच्या हातातला, आणि आम्हीच दाबलं. घरातले सगळे दिवे एकदम लागले.

"झालं मामा, एक झालं," मी म्हणाले.

"बल्बाचं न्हाई इचारत मी," मामा पोरांकडं बघत म्हणाले.

हे भाऊजींच्या तोंडाकडं बघायला लागले आणि भाऊजी ह्यांच्या.