लॅक्रॉसचे कांदेपोहे

आमच्या घरी कुणी नवीन माणूस मुलीशी बोलायला येणार म्हटलं, की माझा हात आपोआप पोह्यांच्या डब्याकडे जातो. गेल्या वर्षी येणारी बाई अमेरिकेत होती आणि येणार होती लॅपटॉपच्या पडद्यावर. तरी मी पोहे भिजवले.

ती बाई तिकडच्या एका कॉलेजच्या लॅक्रॉस संघाची प्रशिक्षक. हा खेळ मिरजेत फारसा कुणाला माहीत नाही. लेकीने काठी घरी आणेपर्यंत मलाही नव्हता. काठीच्या टोकाला जाळीचा खोलगट खिसा असतो. त्यात चेंडू झेलायचा, पळत न्यायचा आणि गोलात फेकायचा. लेक आधी खो-खो खेळायची. ती नववीत असताना शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी कुठल्याशा शिबिरातून या काठ्या आणल्या आणि वर्गातल्या चपळ मुलींच्या हातात दिल्या.

माझे सासरे कुंडलहून आले, तेव्हा त्यांनी काठी उलटसुलट करून पाहिली.

“हिनं मासं धरत्यात का फुलपाखरं?”

“चेंडू, आबा.”

“मग हातानं का धरत न्हाईस? चांगलं दोन हात हाईत की.”

आमच्या मागच्या बोळात तानपुरे बनवणाऱ्यांचं कारखानावजा घर आहे. त्यांच्या भिंतीवर ती रोज संध्याकाळी चेंडू मारायची आणि परत आला की जाळीत झेलायची. त्यांचे भोपळे तिथेच वाळत पडलेले. “वहिनी, भिंत फुटली तर चालंल,” ते मला म्हणाले होते, “भोपळा फुटला तर न्हाई चालायचं.” भोपळा एकही फुटला नाही. यावरून पोरीचा नेम चांगला आहे, एवढं मला कळलं. या खेळातलं माझं ज्ञान अजूनही साधारण तेवढंच आहे.

पुढे ती राज्याच्या संघात गेली. तिथे एका मोठ्या मुलीने तिला सांगितलं, की अमेरिकेतली काही कॉलेजं चांगल्या खेळाडूंना स्वतः शोधून घेतात आणि शिक्षणाचा बराचसा भारही उचलतात. लेकीने मनावर घेतलं. तिला जायचं होतं, आणि संघात जागा मिळाली नाही तर जाता येणार नव्हतं. त्या शिक्षणाचा खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. हे आम्ही तिला कधी बोलून दाखवलं नाही, पण बारावीतल्या मुलीला घरातलं सगळं कळत असतं.

मोहिमेची सूत्रं अर्थातच तिच्या वडिलांनी घेतली. हे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पण घरातून अजून झाले नाहीत. यांनी प्रशिक्षकांना ईमेल लिहिले. त्यांत आपली नोकरी, आबांची उसाची जमीन, माझी शिक्षिकेची नोकरी, घराण्याची शिस्त असं सगळं क्रमाने आलं, आणि अगदी शेवटच्या ओळीत मुलगी लॅक्रॉस खेळते हेही आलं. सोबत खेळाचा व्हिडिओ हवा असतो, म्हणून आमच्या भाचीच्या लग्नाचं शूटिंग केलेल्या फोटोग्राफरला मी गाठलं. ही कल्पना माझी. त्याने जीव ओतून काम केलं. सूर्य उगवतो, गुलाबाच्या पाकळ्या पडतात, त्यांतून आमची लेक संथगतीने पळत येते. तिने फेकलेला चेंडू गोलात पोचेपर्यंत सनईची एक धून संपते. मला तो व्हिडिओ फार आवडला होता. अजूनही मी मधूनमधून बघते.

एकाही कॉलेजचं उत्तर आलं नाही.

मग लेकीने एक रविवार बसून स्वतःच पत्र लिहिलं. सामन्याचे साधे तुकडे जोडले, त्यांत ती चुकलेलीही होती. “अगं, चुकलेलं कशाला दाखवतेस?” मी म्हटलं. “चुकल्यावर मी काय करते ते दिसतं त्यात,” ती म्हणाली. मला ते पटलं नाही. पण थोड्या दिवसांनी या बाईचं उत्तर आलं, की मला खेळाडूशी बोलायचं आहे.

खेळाडूशी, असं स्पष्ट लिहिलं होतं. आम्ही तरी तयारी केली ती घरच्यांची. आबा फेटा बांधून कुंडलहून आले. नणंद सांगलीहून आली, येताना तिने स्वतःच्या मुलीचा पंजाबी ड्रेस आणला. लेक संघाची जर्सी घालून बसली होती.

“ते काय घातलंयस?” नणंद म्हणाली. “पाहुणे काय म्हणतील?”

“आत्या, त्यांना खेळाडू बघायचाय.”

“बघू देत की. नीटनेटका बघू देत.”

शेवटी जर्सीवर ओढणी घेण्याची तडजोड झाली. मी केली.

तिकडे सकाळ होती, इकडे दिवेलागण. पडद्यावर बाई आली. हसरी, केस मागे बांधलेले, गळ्यात शिट्टी. आम्ही चौघे सोफ्यावर दाटीवाटीने बसलो, आणि जिला बघायचं ती कडेच्या स्टुलावर. तिचा अर्धा चेहराच पडद्यात येत होता.

बाईंनी विचारलं, तुला हा खेळ का आवडतो? लेकीने तोंड उघडलं, तोवर हे म्हणाले, “मॅडम, डिसिप्लिन. फ्रॉम चाइल्डहुड.”

बाईंनी विचारलं, हरलेल्या एखाद्या सामन्याबद्दल सांगशील? नणंदेने घाईघाईने सांगितलं, की हरायचा प्रश्नच येत नाही, अभ्यासातही ती पहिल्या पाचात असते.

चूक झाली की काय करतेस, असं विचारल्यावर हे म्हणाले, “नो मिस्टेक, मॅडम.”

आबांना इंग्रजी येत नाही, पण आपण गप्प बसलो तर बरं दिसणार नाही असं त्यांना वाटलं असावं. ते पडद्याकडे वाकून म्हणाले, “आवं बाई, पोरगी लय गुणाची हाय. भाकरी बी येती तिला.” याचं भाषांतर कुणी केलं नाही. भाकरी तिला येतही नाही.

शेवटी बाईंनी विचारलं, खेळाडू म्हणून तुझ्यात काय कमी आहे असं तुला वाटतं? असला प्रश्न कुणी घरच्यांसमोर विचारतं का? मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, की तशी काही कमी नाही, थोडी हट्टी आहे, पण लग्नानंतर… आणि तिथे थांबले. मग मी पोह्यांची बशी कॅमेऱ्यासमोर धरली. बाई म्हणाल्या, छान दिसतंय, तुम्हा सगळ्यांना भेटून आनंद झाला.

कॉल संपल्यावर हे म्हणाले, “एकदम फर्स्ट क्लास झालं.” लेक बश्या उचलत होती. आवाज न चढवता ती मला म्हणाली, “आई, तिने मला चार प्रश्न विचारले. एकाचं तरी उत्तर मी दिलं का?”

मला सांगलीतलं माझ्या काकांचं घर आठवलं. हे मला बघायला आले होते तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, मुलीला आवड कशाची? काका म्हणाले, शिवणकामाची. मी आयुष्यात रुमालाला टीप घातली नव्हती. लग्नानंतर सासूबाईंनी हौसेने शिलाई मशीन आणलं, आणि ते वर्षानुवर्षं आमच्या दिवाणखान्यात टीव्ही ठेवायला उपयोगी पडलं. ही गोष्ट मी पन्नास वेळा हसत हसत सांगितली असेल, लेकीलाही. आणि तिच्या वेळी काकांच्या खुर्चीत जाऊन बसले ती मीच.

नंतरचे काही दिवस बोळातून भिंतीवरच्या चेंडूचा आवाज नेहमीपेक्षा जास्त वेळ येत राहिला. तिने पुन्हा पत्र लिहिलं, काय ते मी विचारलं नाही. उत्तर आलं: घरच्यांची ओळख झाली, आता मला खेळाडूशी एकटीशी बोलायचं आहे.

हे अस्वस्थ झाले. “एकटीशी? असं कसं? आम्ही शेजारच्या खोलीत बसतो.”

आबा तेव्हा मिरजेतच होते, डोळे दाखवायला आलेले. पान जुळवता जुळवता ते म्हणाले, “आरं, पोहं खाऊन झाल्यावर दोघांस्नी जरा गच्चीवर बोलाय सोडत्यात का न्हाई? पद्धत हाय ती. सोड की.”

सुभेदारांनी लॅपटॉप लेकीच्या हातात दिला. पद्धतीपुढे त्यांचं काही चालत नाही.

लेक जर्सी घालून, ओढणीशिवाय, काठी घेऊन गच्चीवर गेली. आम्ही खाली बसलो. मी दोनदा उठून जिन्यापर्यंत गेले. दुसऱ्या वेळी वरून तिचं हसणं ऐकू आलं तशी मागे फिरले.

ती खाली आली तेव्हा वडिलांनी विचारलं, “काय काय विचारलं?”

“तेच. माझ्यात काय कमी आहे.”

“मग?”

“डावा हात कच्चा आहे म्हटलं. उजव्या बाजूने कुणी अडवलं की मी गोंधळते.”

“असं सांगितलंस?”

“आणि म्हटलं, घरचे बोलू देत नाहीत, त्यामुळे मैदानावर पण कमी ओरडते. संघाला ओरडून सांगावं लागतं ना, चेंडू कुणाकडे आहे ते.”

हे माझ्याकडे बघायला लागले. मी आबांकडे बघितलं. आबा म्हणाले, “खरं हाय ते.”

बाईंनी तिला डाव्या हाताचा सराव कसा करायचा ते लिहून पाठवलं आणि त्याचा व्हिडिओ मागितला. तो तिने कुणाच्याही मदतीशिवाय काढला, मोबाइल भोपळ्याला टेकवून. तिला जागा मिळाल्याचं कळलं ते पुढे परीक्षेच्या दिवसांत. त्या कॉलला बाईंनी मुद्दाम सगळ्यांना बोलावलं होतं. या वेळी स्टूल मध्ये होतं आणि आम्ही मागे.

बातमी सांगून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, तुमच्या मुलीबद्दल आम्हाला काही सांगायचंय का? माझ्याकडे बरंच होतं. सकाळी दूध लागतं, थंडीत खोकला होतो, रागावली की जेवत नाही. नणंद मला कोपराने डिवचत होती.

“तिलाच विचारा,” मी म्हटलं.

लेकीने क्षणभर मागे वळून पाहिलं आणि मग बोलायला लागली. दूध, खोकला, काहीच तिने सांगितलं नाही. पोहे थंड होत होते. ती बराच वेळ बोलत होती.